चित्र चित्रकाराचं, पाटी देशाची

२६ जानेवारीच्या सकाळी महाराष्ट्राचा चित्ररथ कधी येतोय याची वाट बघत आपण टीव्हीसमोर बसतो. २०१५ साली पंढरीच्या वारीचा चित्ररथ पहिला आला, २०१८ साली शिवराज्याभिषेकाचा. चित्ररथ सुबक होता याचा आनंद कमी, 'आपला' पहिला आला याचा जास्त. ज्या राज्याचा चित्ररथ निवडला जात नाही, तिथले पुढारी राज्याचा अपमान झाला म्हणून ओरड करतात. एका ट्रेलरवर आख्खं राज्य मावत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वारी घेतली की गिरणगाव राहून जातं, गड घेतला की आदिवासी पाडा राहून जातो. कुणीतरी विषय ठरवतं, कुणीतरी पैसे देतं, दिल्लीतली समिती मान डोलावते, आणि मग त्या ट्रेलरवर जे काही आहे तोच त्या वर्षापुरता महाराष्ट्र.

आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनांत देश हेच करतात. तिथला चित्ररथ मात्र सहा-सहा महिने उभा असतो. आणि कधीकधी त्यावर उभा केलेला माणूसच त्याच्या फळ्या उखडतो.

बागेतले बंगले

या प्रकारातला सगळ्यात जुना आणि मानाचा मेळा व्हेनिसचा. व्हेनिस बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं प्रदर्शन, १८९५ साली सुरू झालं. इटलीच्या राजा-राणीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाल्याचं निमित्त होतं आणि पुढाकार नगरपालिकेचा होता. सुरुवातीला देशोदेशीची चित्रं एकाच मोठ्या इमारतीत लागत. पुढे जागा अपुरी पडायला लागली, तेव्हा ज्याने त्याने स्वतःच्या खर्चाने बागेत आपलं दालन बांधावं अशी टूम निघाली. १९०७ साली बेल्जियमने पहिलं बांधलं. १९०९ मध्ये ब्रिटन, जर्मनी आणि हंगेरी आले, १९१२ मध्ये फ्रान्स, १९१४ मध्ये रशिया. आज जिआर्दिनी नावाच्या त्या बागेत देशांची २९ दालनं आहेत.

आत एकही चित्र नसलं तरी या बागेतून नुसतं फिरून बरंच काही कळेल. मुख्य वाटेच्या टोकाला, उंचवट्यावर ब्रिटन. ती इमारत मुळात बागेतलं उपाहारगृह होती, पण जागा मोक्याची मिळाली. तिच्या एका हाताला फ्रान्स, दुसऱ्या हाताला जर्मनी. हंगेरीने आपल्या लोककलेची नक्षी आणि मोझेक भिंतीवर चढवले. अमेरिकेने १९३० साली खांब आणि घुमट असलेली इमारत उभारली, जणू वॉशिंग्टनचा एक तुकडा आणून ठेवला. पहिल्या महायुद्धाआधी जगाची सूत्रं कुणाच्या हातात होती, ते बागेच्या नकाशात गोठून राहिलं आहे. आफ्रिकेतून तिथे एकटा इजिप्त आहे. दक्षिण आशियातून कुणीच नाही. कोरियाला १९९५ साली जागा मिळाली आणि त्यानंतर दारं जवळजवळ बंद झाली. उरलेले देश आर्सेनालेमध्ये, म्हणजे जुन्या जहाजबांधणीच्या आवारात, नाहीतर शहरातला एखादा वाडा भाड्याने घेऊन आपलं दुकान मांडतात.

आता कारभार कसा चालतो ते बघू. बिएनालेचे दोन भाग असतात. एक मध्यवर्ती प्रदर्शन, त्याचा क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची निवड आणि मांडणी ठरवणारा, बिएनाले नेमते आणि कलाकार तो निवडतो. दुसरा भाग राष्ट्रीय दालनांचा, आणि तिथे बिएनालेचं काही चालत नाही. प्रत्येक देश आपला कमिशनर नेमतो, मग क्युरेटर ठरतो, मग कलाकार. ब्रिटनमध्ये हे काम ब्रिटिश कौन्सिल करते. जर्मनीत परराष्ट्र खात्याचा पैसा असतो. अमेरिकेत परराष्ट्र खातं शिक्कामोर्तब करतं, पण मोठी रक्कम संग्रहालयं आणि देणगीदार उभी करतात. त्या कलाकाराची चित्रं विकणाऱ्या गॅलऱ्याही हातभार लावतात, कारण व्हेनिसला जाऊन आलेल्या कलाकाराचा भाव वधारतो. देशाभिमान, मुत्सद्देगिरी आणि बाजार या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली नांदतात, आणि उद्घाटनाच्या भाषणात तिसरीचा उल्लेख सहसा होत नाही.

'देश' कुणाला म्हणायचं, याचाही एक नियम आहे. इटली ज्याला देश म्हणून मान्यता देते, त्यालाच राष्ट्रीय दालनाचा मान. त्यामुळे तैवान आणि पॅलेस्टाईनचे कलाकार तिथे येतात ते 'समांतर कार्यक्रम' या नावाखाली. पाटीवरचं हे एवढंसं नाव परराष्ट्र धोरणातून आलेलं असतं.

उलट मान्यता असूनही पाटी भलत्याच्याच हाती जाऊ शकते. २०१५ साली केनियाच्या नावाने जी यादी जाहीर झाली, तिच्यात बहुतेक कलाकार चिनी निघाले. नैरोबीच्या कलाकारांनी बोंब ठोकली, सरकारने आपला संबंध नाकारला आणि दालन बारगळलं.

भायखळ्याचं काचेचं कपाट

व्हेनिसच्या आधीपासून हा उद्योग जागतिक प्रदर्शनांत चालू होता आणि मुंबईचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. १८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. त्यात हिंदुस्थानचा विभाग होता, कोहिनूरही लोकांना बघायला ठेवला होता. विभाग हिंदुस्थानचा, पण मांडला ईस्ट इंडिया कंपनीने. पाहणाऱ्याला सांगायचं होतं ते इतकंच: बघा, आमच्या ताब्यात काय काय आहे.

पाठोपाठ १८५५ साली पॅरिसला प्रदर्शन ठरलं. त्यासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा करण्याची मोहीम निघाली, आणि त्या खटाटोपातून मुंबईत एक संग्रहालय जन्माला आलं. १८७२ साली ते भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी आजच्या इमारतीत आलं. नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. निधी उभारण्यासाठी खपलेल्या डॉ. भाऊ दाजी लाडांचं नाव त्याला मिळायला १९७५ साल उजाडलं. शाळेच्या सहलीत राणीच्या बागेतला पाणघोडा बघून झाल्यावर घाईघाईने ज्या इमारतीतून आपल्याला फिरवून आणायचे, ती हीच.

तिथल्या मातीच्या मूर्तींपुढे थोडं थांबून बघा. काचेमागे वीत-दीड वीत उंचीची माणसं आहेत: कुणी विणतोय, कुणी घडवतोय, कुणाच्या डोक्यावर कुठल्या जातीची पगडी ते नीट दाखवलेलं. कारागिरी अफलातून आहे, पागोट्याची घडी न घडी मोजावी अशी. पण एकाही मूर्तीला स्वतःचं नाव नाही. अमुक जातीचा माणूस, तमुक धंद्याचा माणूस, बस्स. मालकाला आपल्या मुलखातल्या रयतेची जी यादी हवी होती, ती इथे मातीत करून ठेवली आहे. जागतिक प्रदर्शनांत हिंदुस्थान दिसायचा तो असा: कच्चा माल, कसबी हात आणि नमुन्याची माणसं.

सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टही याच काळातलं. सर जमशेटजी जिजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांतून १८५७ साली ते सुरू झालं. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. पुढे १९२४ साली वेम्बली येथे ब्रिटिश साम्राज्याचं भव्य प्रदर्शन भरलं, तेव्हा ग्लॅडस्टन सॉलोमन जे.जे.चे प्रमुख होते. त्यांच्या विद्यार्थ्यांनी छतापासून सजवलेली 'इंडियन रूम' तिथे लागली. खोली मुंबईच्या पोरांची, छप्पर साम्राज्याचं.

या सगळ्यात राजा रविवर्म्यांची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. १८९३ साली शिकागोच्या जागतिक मेळ्यात त्यांची दहा चित्रं गेली. विवेकानंदांचं गाजलेलं भाषण झालं ती सर्वधर्म परिषद याच मेळ्याच्या निमित्ताने भरली होती. रविवर्म्यांच्या चित्रांत हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतल्या, निरनिराळ्या समाजांतल्या स्त्रिया होत्या. एकेका चित्रात एकेक मुलूख, आणि दहाही ओळीने लावली की एक देश. काँग्रेस स्थापन होऊन जेमतेम आठ वर्षं झाली होती. 'भारत' नावाची एक गोष्ट डोळ्यांनी दिसू शकते, हे दाखवायचा तो फार लवकरचा प्रयत्न.

चित्रांना बक्षीस मिळालं. परीक्षकांनी मात्र कौतुक केलं ते चेहऱ्यांचे वेगवेगळे नमुने, पोशाखाचे बारकावे आणि मानववंशशास्त्राच्या दृष्टीने असलेली उपयुक्तता याचं. चित्रकाराने देश रंगवून पाठवला आणि पाहणाऱ्याने त्यात भायखळ्याचंच कपाट पाहिलं. पुढच्याच वर्षी रविवर्म्यांनी गिरगावात छापखाना काढला, आणि मग त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी देव्हाऱ्यात जाऊन बसल्या. त्या प्रेक्षकाला मानववंशशास्त्राशी काही कर्तव्य नव्हतं.

आपण काय दाखवतो आणि समोरचा काय पाहतो, यांतलं हे अंतर पुढेही मिटलं नाही.

युद्ध, मग शीतयुद्ध

१९३७ सालचं पॅरिसचं प्रदर्शन या विषयावर बोलताना टाळताच येत नाही. आयफेल टॉवरजवळ जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांची दालनं समोरासमोर उभी होती. हिटलरचा वास्तुकार आल्बर्ट श्पेअर याच्या उंच मनोऱ्यावर गरुड. समोर रशियाच्या छतावर व्हेरा मुखिनाने घडवलेली कामगार आणि शेतकरी स्त्रीची पोलादी जोडी, हातोडा नि विळा उगारलेली. दोन वर्षांनी प्रत्यक्ष युद्ध पेटलं, त्याची नेपथ्यरचना इथे आधीच होऊन गेली होती.

त्याच प्रदर्शनात स्पेनचं एक छोटं, साधं दालन होतं. स्पेनमध्ये यादवी चालू होती आणि लोकांनी निवडलेलं सरकार जीव वाचवायला धडपडत होतं. त्या सरकारने पिकासोकडे एक मोठं चित्र मागितलं. एप्रिलमध्ये गेर्निका गावावर बॉम्ब पडले, आणि पिकासोने काही आठवड्यांत ते भलं मोठं काळं-करडं चित्र पूर्ण केलं. दालन उभं करणारं सरकार १९३९ साली कोसळलं. चित्र मात्र १९८१ पर्यंत स्पेनमध्ये गेलंच नाही, कारण तिथे लोकशाही आल्याशिवाय ते न्यायचं नाही अशी पिकासोची अट होती. देश हरला आणि त्याचं चित्र चाळीसहून अधिक वर्षं परदेशात राहिलं.

अमेरिकेची गंमत वेगळीच. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४६ साली त्यांच्या परराष्ट्र खात्याने आधुनिक चित्रं विकत घेतली आणि युरोप व लॅटिन अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवली. आमच्याकडे नुसता पैसा नाही, संस्कृतीही आहे, हे दाखवायचं होतं. घरी गदारोळ झाला. करदात्यांच्या पैशावर ही असली वेडीवाकडी चित्रं? यांतल्या कितीजणांचे विचार डावे आहेत? राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनीही खिल्ली उडवली. १९४७ साली प्रदर्शन परत बोलावलं, आणि नंतर ती चित्रं लष्कराच्या उरल्यासुरल्या सामानासारखी कवडीमोलाने काढून टाकली. त्यांत जॉर्जिया ओकीफसारख्या नावाजलेल्या अमेरिकन चित्रकर्तीचीही चित्रं होती.

दहा-बारा वर्षांत वारं फिरलं. १९५८-५९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने जॅक्सन पोलॉक आणि त्याच्या पिढीची अमूर्त चित्रं युरोपातल्या आठ शहरांत फिरवली. संदेश आता सोपा होता: रशियात चित्रकाराला ट्रॅक्टर रंगवावा लागतो, आमच्याकडे तो मनाला येईल तसा रंग फेकतो. ज्या चित्रांची घरात लाज वाटत होती, तीच बाहेर स्वातंत्र्याची जाहिरात झाली. ती काढणाऱ्यांना सरकारची जाहिरात करायची होती असं नव्हे. त्यांतले कित्येक सरकारला शिव्या घालणारेच होते, आणि शिव्या घालता येतात हेच तर दाखवायचं होतं! १९६४ साली रॉबर्ट राउशेनबर्ग या अमेरिकन चित्रकाराला व्हेनिसचं चित्रकलेचं मोठं बक्षीस मिळालं. अमेरिकेने त्याची कामं लष्करी विमानातून आणली होती, आणि कलेची राजधानी पॅरिसहून न्यूयॉर्कला हलल्याची द्वाही त्या दिवशी फिरली.

घरमालकाशी भांडण

इथवर देश बोलत होता आणि चित्रकार त्याचा भोंगा होता. पुढे चित्रकारांनी पाटीकडेच बोट दाखवायला सुरुवात केली, आणि माझ्या मते राष्ट्रीय दालनांत बघण्यासारखं जे काही झालं ते बहुतेक यानंतरचं आहे.

जर्मनीचं दालन घ्या. नाझींनी १९३८ साली ते आपल्या थाटात नव्याने बांधलं: जाड चौकोनी खांब, उंच दार, आत संगमरवरी फरशी. दुसऱ्या महायुद्धानंतरही इमारत तीच राहिली. १९९३ साली, दोन जर्मनी एक झाल्यानंतरच्या पहिल्या बिएनालेत, हान्स हाके या कलाकाराकडे ती आली. दारात त्याने १९३४ साली हिटलर बिएनालेला आला होता त्याचा फोटो लावला. दारावर १९९० सालचं एक मार्काचं नाणं मोठं करून बसवलं. तो फोटो ओलांडून आत गेलं की समोरच्या भिंतीवर एकच शब्द, 'जर्मानिया' (जर्मनीचं इटालियन नाव), आणि खाली सगळी फरशी फोडून टाकलेली. त्या ठिकऱ्यांवरून तोल सांभाळत चालायचं. पायाखाली दगड हलतात, त्यांचा आवाज रिकाम्या दालनात घुमतो. दुसरं काहीही नाही. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट दालनाचा पुरस्कार, गोल्डन लायन, जर्मनीला मिळाला. नाम जून पाइक हा कोरियात जन्मलेला कलाकार त्या दालनात भागीदार होता, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

२००३ साली स्पेनच्या दालनात सांतियागो सिएराने मुख्य दार विटांनी बंद केलं. मागच्या दाराने आत जाता येई, पण पहारेकरी स्पेनचा पासपोर्ट किंवा ओळखपत्र मागत. मोठमोठे समीक्षक, संग्राहक बाहेरच्या बाहेर परत फिरले. आत फारसं काही नव्हतंच. व्हिसाच्या रांगेत उन्हातान्हात उभं राहिलेल्या मुंबईकराला या कलाकृतीचा अर्थ सांगायला क्युरेटर लागणार नाही.

२०१३ साली जर्मनी आणि फ्रान्स यांनी इमारतींची अदलाबदल केली. जर्मनीने निवडलेल्या चौघांत चीनचे आय वेवे, दक्षिण आफ्रिकेचे सांतु मोफोकेंग आणि आपल्या दयानिता सिंग होत्या. म्हणजे फ्रान्सच्या इमारतीत, जर्मनीच्या नावाने, दिल्लीची छायाचित्रकार. तरी पाटी हटली नाही, आणि ती हटवणं सोपंही नाही. २०२२ साली युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाच्या दालनाच्या कलाकारांनी आणि क्युरेटरने अंग काढून घेतलं, दालन रिकामं राहिलं. २०२४ मध्ये रशियाने ती इमारत बोलिव्हियाला वापरायला दिली. त्याच वर्षी इस्रायलच्या कलाकार रूथ पतीर यांनी युद्धबंदी होऊन ओलीस सुटेपर्यंत दालन उघडणार नाही अशी चिठ्ठी काचेवर लावली आणि आतलं काम आतच राहिलं. दार बंद ठेवणं हाही इथे प्रदर्शनाचाच एक प्रकार झाला आहे.

मग आपलं काय?

स्वातंत्र्यानंतर भारताने स्वतःला परदेशात मांडण्याचा सगळ्यात मोठा घाट घातला तो 'फेस्टिव्हल ऑफ इंडिया'चा. १९८२ साली ब्रिटनमध्ये, १९८५-८६ साली अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये. सूत्रधार पुपुल जयकर. चोळांची ब्राँझची शिल्पं, हातमाग, नृत्य, लोककलाकार अशी जंगी तयारी होती. वॉशिंग्टनमध्ये 'अदिती' हे प्रदर्शन राजीव सेठी यांनी मांडलं. त्यात जिवंत कारागीर आणि कलावंत प्रेक्षकांसमोर काम करत होते. ते भरलं होतं कुठे, तर स्मिथसोनियनच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात, जिथे एरवी डायनोसॉरचे सांगाडे बघायला लोक जातात. हेतू चांगला होता, कलाकारांचा मानही राखला गेला, तरी जागा बघून भायखळ्याचं कपाट डोळ्यांपुढे येतंच. आधुनिक चित्रकारांनाही लंडनमध्ये जागा मिळाली होती, पण लोकांच्या लक्षात राहिला तो परंपरेचा भारत.

आपल्या शेजारचंच उदाहरण म्हणजे डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. लग्नाच्या चौकापुरत्या असलेल्या वारली चित्रकलेला त्यांनी भिंतीवरून कागदावर आणलं. १९८९ साली पॅरिसमध्ये एक मोठं प्रदर्शन झालं, त्यात जगभरच्या नावाजलेल्या समकालीन कलाकारांच्या बरोबरीने म्हसे आणि गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम होते. तिथे त्यांना 'जमातीचा नमुना' म्हणून नव्हे, तर नाव असलेला कलाकार म्हणून बोलावलं होतं. पद्मश्री मिळायला २०११ साल लागलं.

व्हेनिसमध्ये आपला पत्ता बेभरवशाचा. १९५० च्या दशकात भारताची चित्रं तिथे गेली होती. पण क्युरेटर नेमून, रीतसर राष्ट्रीय दालन थाटलं ते २०११ साली. ललित कला अकादमीने ते काम मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे यांच्यावर सोपवलं. त्यांनी निवडलेली नावं बघा: अलीगढला जन्मून न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या झरीना, कोलकाता आणि ॲम्स्टरडॅममध्ये राहणारे प्रणीत सोई, गुवाहाटीची डिझायर मशीन कलेक्टिव्ह ही जोडी आणि केरळातून दिल्लीत आलेले गिगी स्कारिया. हमखास विकली जाणारी नावं बाजूला ठेवली होती. स्कारियांनी एक लिफ्ट मांडली होती. दार बंद झालं की तिन्ही भिंतींवर व्हिडिओ सुरू. तळघरातल्या पार्किंगपासून लिफ्ट वर निघते, एकेका मजल्यावर गरिबाचं घर, मध्यमवर्गीयाचं घर, श्रीमंताचं घर दिसत जातं. प्रेक्षक जागचा हलत नाही, पण आपण वर चाललोय असं त्याला वाटत राहतं. टॉवरच्या सर्व्हिस लिफ्टने जाणाऱ्यांच्या शहरात राहणाऱ्याला ही लिफ्ट कुठून निघते ते चांगलं ठाऊक आहे.

त्यानंतर आठ वर्षं शांतता. २०१९ साली गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने दुसरं दालन झालं, सांस्कृतिक मंत्रालय आणि किरण नाडर म्युझियम हे खासगी संग्रहालय यांच्या सहकार्याने, क्युरेटर रुबिना करोडे. विषय सरकारी मुहूर्ताचा, म्हणून मी थोड्या संशयाने त्याबद्दल वाचायला घेतलं होतं. पण कलाकारांपैकी चौघं तरी मुंबईची होती आणि त्यांनी मुहूर्ताच्या पलीकडे बरंच काही नेलं. जितीश कल्लाट यांनी गांधीजींनी १९३९ साली हिटलरला लिहिलेलं पत्र धुक्याच्या पडद्यावर सोडलं. अक्षरं वरती सरकत जातात आणि माणूस त्यांतून चालत पलीकडे जातो. शकुंतला कुलकर्णी यांनी वेताची चिलखतं विणली होती. बाईचं अंग राखणारी आणि बाईला कोंडणारीही. रुम्माना हुसैन १९९९ साली वारल्या. १९९२ नंतरच्या त्यांच्या कामातली फुटकी मडकी तिथे होती. अतुल डोडिया चौथे. नंदलाल बोस यांची १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी केलेली चित्रंही होती, त्यांत साधी कामकरी माणसं. जयंतीच्या दालनात ९२-९३ ची मुंबई अशी हळूच येऊन बसली.

२०२२ आणि २०२४ मध्ये पुन्हा भारताचं दालन नव्हतं. याचं कारण पैशाची टंचाई नव्हे, इतका पैसा दिल्ली-मुंबईत एका लग्नात उडतो. कारण यंत्रणेचा अभाव. दालन करायचं तर दीड-दोन वर्षं आधी क्युरेटर ठरावा लागतो, जागेचं भाडं भरावं लागतं, विमा-वाहतूक मार्गी लावावी लागते. ब्रिटनमध्ये हे काम दर वेळी एकच संस्था करते, म्हणून फाइल हरवत नाही. आपल्याकडे कधी अकादमी, कधी मंत्रालय, कधी खासगी संग्रहालय, आणि दर वेळी श्रीगणेशा. शिवाय एक भीतीही आहे. हाकेसारखं कुणी सरकारी पाटीखालची फरशी फोडायला निघालं तर सही कोण करणार?

देशाऐवजी शहराच्या नावाने प्रदर्शन मांडण्याचाही एक रस्ता आहे. २००१ साली लंडनच्या टेट मॉडर्नने नऊ शहरं घेऊन प्रदर्शन केलं, प्रत्येक शहराचा एकेक काळ. पॅरिस, व्हिएन्ना, लागोस यांच्या रांगेत १९९२ ते २००१ ची मुंबई होती, गीता कपूर आणि आशीष राजाध्यक्ष यांनी मांडलेली. सिनेमाची पोस्टरं, दंगलीनंतरची चित्रं, दुकानाच्या लोखंडी शटरवर रंगवलेलं काम. तिथे ताजमहाल नव्हता की योग नव्हता. आणि कोचीची बिएनाले, जी मुंबईत राहिलेल्या बोस कृष्णमाचारी आणि रियाझ कोमू या दोघांनी २०१२ साली उभी केली, तिच्यात राष्ट्रीय दालनं ठेवलीच नाहीत.

आता २०१५. त्या वर्षी व्हेनिसमध्ये भारताचं दालन नव्हतं, पाकिस्तानचंही नव्हतं. दिल्लीच्या गुजराल फाउंडेशनने एक वाडा भाड्याने घेतला आणि मुंबईच्या शिल्पा गुप्ता व लाहोरचे रशीद राणा यांना एकत्र जागा दिली. राणांनी वाड्यातल्या एका खोलीची हुबेहूब जोडखोली लाहोरच्या बाजारात उभी केली आणि दोन्ही थेट व्हिडिओने जोडल्या. व्हेनिसमधला माणूस लाहोरमधल्या माणसाशी बोलायचा. शिल्पा गुप्ता भारत-बांगलादेश सीमेवर काम करून आल्या होत्या. तिथल्या काटेरी कुंपणाच्या लांबीशी प्रमाण राखून विणलेलं हातमागाचं कापड त्यांनी आणलं होतं, आणि एक माणूस रोज टेबलाशी बसून त्यावर कार्बनने रेघा ओढत असे. त्यांच्या कामाचा एक विषय होता छिटमहाल: एका देशाच्या पोटात अडकलेले दुसऱ्या देशाच्या जमिनीचे तुकडे. प्रदर्शन मे महिन्यात उघडलं आणि काही महिने चाललं. मधल्या काळात, ३१ जुलैच्या मध्यरात्री, भारताने बांगलादेशातले आपले १११ छिटमहाल देऊन टाकले, बांगलादेशाने भारतातले ५१ दिले, आणि चौदा हजारांहून अधिक माणसं त्या एका रात्रीत घर न बदलता भारतीय नागरिक झाली.